बडोद्याचा करार : शिक्षणासाठी काढलेल्या ऋणाची शंभर वर्षे

धागा. थोडा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

१/
परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगररांगांत राणीसावरगाव वसले आहे. अशा गावातून अभियांत्रिकीला किंवा परिचर्या महाविद्यालयात गेलेल्या मुलाच्या घरी आज बहुधा एक कागद जपून ठेवलेला असतो : शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र. त्यावर मुलाची सही असते, सहकर्जदार म्हणून वडिलांची असते आणि परतफेडीचा आरंभ कधी हेही लिहिलेले असते. पाऊस दगा देईल, नोकरी लांबेल, पगार अपेक्षेहून निम्मा असेल, या शक्यतांसाठी त्या कागदावर फारशी जागा नसते. हा प्रश्न आजचा वाटतो. त्याची मुळे मात्र शंभर वर्षांहून जुनी आहेत.

२/
आपल्याकडे गरीब विद्यार्थी पूर्वी शिकत कसे? एक मार्ग माधुकरीचा, दुसरा वारावर जेवण्याचा : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. एकोणिसाव्या शतकात पुण्या-मुंबईत असे शिकून मोठी झालेली माणसे पुष्कळ होती. या व्यवस्थेत व्याज नव्हते, जामीनदार नव्हता. पण तिचे दार जातीच्या उंबरठ्यावर थांबत असे. ज्याला पंक्तीत बसण्याचा अधिकार नाही, त्याला वारही नाही. अशा विद्यार्थ्यापुढे दोनच वाटा उरत : दात्याची मर्जी किंवा करार.

३/
अशा एका कराराची ही गोष्ट आहे. तारीख ४ जून १९१३. एका बाजूला बडोदे संस्थान. दुसऱ्या बाजूला एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे बावीस वर्षांचे पदवीधर भीमराव रामजी आंबेडकर. त्याच वर्षीच्या २ फेब्रुवारीला वडील रामजी सुभेदार वारले होते. मुलाच्या शिक्षणासाठी आयुष्यभर ओढाताण केलेला माणूस गेला होता आणि घरात खात्रीची मिळकत उरली नव्हती.

४/
महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी आंबेडकरांचा संबंध त्याआधीचा होता. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या खटपटीने त्यांना पदवीच्या शिक्षणासाठी बडोद्याची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली होती. १९१३ चा करार याच्या पुढची पायरी होती. अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, आणि त्या बदल्यात परतल्यावर संस्थानाची दहा वर्षे सेवा. व्याज पैशांत नव्हते, ते आयुष्याच्या वर्षांत मोजायचे होते.

५/
हा करार अन्यायाचा होता का? त्या काळाच्या मापाने नाही. कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेल्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते आणि अस्पृश्य मुलांसाठी शाळाही काढल्या होत्या. विलायतेत शिकलेली माणसे त्यांना राज्यकारभारासाठी हवी होती. पण या करारात एक गृहीतक दडलेले होते : सेवा करायला आलेल्या माणसाला त्या शहरात राहता येईल. ते कुणी लिहिले नव्हते. लिहिण्याची गरज कुणाला वाटलीही नसावी.

६/
जुलै १९१३ मध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्रासह अनेक विषयांचा अभ्यास केला. १९१५ मध्ये एम.ए., मे १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध आणि त्याच वर्षी लंडन. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव नोंदवले. शिष्यवृत्ती थोडी वाढवून मिळाली, पण पदवी हाती येण्याआधीच तिची मुदत संपली. १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले.

७/
येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी. निघताना त्यांनी लंडनचे शिक्षण सोडले नाही, थांबवले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली. थांबणे आणि सोडणे या दोहोंत जो फरक आहे, तो बहुधा अशा एखाद्या कागदाचाच असतो. पुढची सहा वर्षे या परवानगीवर उभी राहणार होती.

८/
परतीचा प्रवास पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीतला. वेगळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे सामान आणि पुस्तके पाणतीराच्या हल्ल्यात बुडाली. थॉमस कुक कंपनीकडून नुकसानभरपाईचे ६०० रुपये मिळाले. बडोद्याला जाऊन करार पाळण्याचा खर्च याच पैशांतून निघाला. बुडालेल्या ग्रंथांच्या किमतीवर नोकरीला रुजू होण्याची वेळ एका विद्वानावर आली होती.

९/
सप्टेंबर १९१७. बडोद्यात हिंदू खानावळीत त्यांना प्रवेश मिळणे शक्य नव्हते. अखेर एका पारशी वसतिगृहात, पारशी नाव नोंदवून, रोजच्या भाड्याने खोली मिळाली. संस्थानाचा बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला, पण निर्णय लांबत गेला. कचेरीतही अस्पृश्यता पाठ सोडत नव्हती. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव दाराशी आला आणि त्याच दिवशी खोली सोडण्याचे फर्मान मिळाले.

१०/
शहरात त्यांचे दोन स्नेही होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. पहिल्याने सांगितले की, तुम्ही घरी राहायला आलात तर नोकर निघून जातील. दुसऱ्याने पत्नीला विचारून सांगतो असे म्हटले, आणि त्या उत्तराचा अर्थ उघड होता. कमाठी बागेत काही तास काढून आंबेडकर रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. हा प्रसंग त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवला आहे. दहा वर्षांच्या सेवेचा करार एका खोलीअभावी मोडला.

११/
आता हिशेब पाहा. सेवेच्या करारात सेवा थांबली की शिष्यवृत्तीची रक्कम देणे म्हणून उभी राहते. राजाची इच्छा होती, विद्यार्थ्याची तयारी होती. करार मोडला तो शहराने. पण देणे शहराच्या नावावर चढत नाही, ते सही करणाऱ्याच्या नावावर राहते. शैक्षणिक कर्जाच्या इतिहासातला हा मूळ प्रश्न आहे. परतफेड ज्या परिस्थितीवर अवलंबून असते ती समाजाच्या हाती असते आणि जोखीम मात्र एकट्या विद्यार्थ्याच्या शिरावर असते.

१२/
मुंबईत पुढे काय? कोलंबियाची पदवी असलेल्या माणसाने खासगी शिकवण्या केल्या. भागभांडवलाच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागाराची जात कळली आणि गिऱ्हाइके आटली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली, पगार ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती. तिचे काय केले, यावरून माणसाचा निश्चय कळतो.

१३/
बिऱ्हाड परळच्या बी.आय.टी. चाळीतच राहिले. पगारातून लंडनच्या उरलेल्या शिक्षणासाठी पैसे बाजूला पडत गेले. या बचतीचा भार रमाबाईंनी उचलला. काटकसरीच्या संसारात त्यांनी घर चालवले, पोटच्या मुलांचे मृत्यू सोसले आणि पती परदेशी असताना सारे एकटीने निभावले. शिक्षणाच्या कराराखाली सही एकाची असते, पण तो फेडण्यासाठी पोटाला चिमटा घरातल्या प्रत्येकालाच घ्यावा लागतो. इतिहास लिहिताना या दुसऱ्या सहकर्जदाराचे नाव वगळू नये.

१४/
मार्च १९२० मध्ये सिडनहॅमचा राजीनामा, जुलैमध्ये लंडनकडे प्रयाण. खिशात स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले ५,००० रुपयांचे कर्ज. चार वर्षांची मुदत संपण्याच्या आत ते परत पोहोचले होते. यावेळी राजाशी दहा वर्षांचा करार नव्हता. होता तो परिचिताचा विश्वास, ज्याला परिस्थिती सांगता येते आणि मुदत मागता येते.

१५/
आणि याच वेळी रुपयाने दगा दिला. १९२० च्या आरंभी एका रुपयाला दोन शिलिंगांहून अधिक भाव होता. १९२१ मध्ये तो एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली घसरला. साधे गणित करू. दोन शिलिंगांच्या दराने ५,००० रुपयांचे ५०० पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सच्या दराने त्याच रुपयांचे सुमारे ३३३. विद्यार्थ्याने काहीही उधळले नाही, तरी त्याच्या गंगाजळीचा तिसरा हिस्सा हवेत विरला. आज डॉलर वधारला की परदेशी शिकणाऱ्या मुलाच्या आई-बापाच्या पोटात जो गोळा येतो, तो हाच.

१६/
लंडनमधले त्यांचे दिवस अर्धपोटी होते : पावाचा तुकडा, पातळ कढण आणि ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचन. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले. विनिमयदर कोसळल्याने पैसे अपुरे पडत आहेत, हे कारण त्यांनी स्पष्ट सांगितले. अडचण काय, रक्कम किती आणि ती कशासाठी हवी, हे सारे वेळेवर आणि लेखी. अडचणीतल्या ऋणकोने धनकोशी कसे बोलावे, याचा हा नमुना आहे. त्यात लाचारी नाही आणि लपवाछपवीही नाही.

१७/
विलक्षण योगायोग असा की, ज्या विषयावर ते डॉक्टरेटचा प्रबंध लिहीत होते तो विषय रुपयाच होता. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला, पैसे संपत आले होते, म्हणून १९२३ मध्ये ते मुंबईला परतले आणि येथूनच तो पुन्हा सादर केला. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनची डी.एस्सी. मिळाली आणि ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ ग्रंथरूपाने आला. चलनाच्या अस्थैर्याचा भार गरिबांवर अधिक पडतो, हे लिहिणाऱ्याने तो भार स्वतः वाहिला होता.

१८/
बॅरिस्टर झाले तरी हलाखी सरली नाही. मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू करताना सनदेच्या खर्चासाठीही भथेनाच धावून आले. अस्पृश्य वकिलाकडे मोठी प्रकरणे येत नसत. म्हणून १९२५ पासून काही वर्षे त्यांनी बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र संस्थेत व्यापारी कायदा शिकवून जोड मिळकत केली. पदवी मिळणे आणि पदवीचे मोल पदरात पडणे यांमध्ये बरीच वर्षे जातात, हे येथेही दिसते.

१९/
बडोद्याशी ठरलेली दहा वर्षांची सेवा मग कुठे गेली? १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना आंबेडकरांनी सरकारला निवेदन देऊन अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी निधी मागितला. १९४४ पासून केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. परत न करायची शिष्यवृत्ती. स्वतः ऋण काढून शिकलेल्या माणसाने पुढच्या पिढीसाठी ऋण मागितले नाही, हक्क मागितला.

२०/
आता मराठवाड्याकडे वळू. राणीसावरगावासह सारा परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ दूर हैदराबादेत, आणि माध्यम उर्दू. खेड्यातल्या मराठी मुलाला पदवीची वाट भाषा, अंतर आणि पैसा अशा तिन्ही बाजूंनी अडलेली होती. १९५० मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. त्याच्या वसतिगृहांत मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांची मुले आली. बडोद्यात एक खोली न मिळालेल्या माणसाने शेकडो मुलांच्या निवाऱ्याची सोय केली.

२१/
अशी उत्तरे शोधणारे ते एकटे नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि ‘कमवा व शिका’ ही वाट दाखवली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. त्याआधी १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्त्यांचा निधी उभारला. कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या त्याच्या आरंभीच्या मानकऱ्यांपैकी एक. दान, श्रम, कर्ज आणि हक्क, असे चारही प्रयोग या भूमीत झाले.

२२/
स्वातंत्र्यानंतर सरकारही कर्ज देऊ लागले. अमेरिकेने १९५८ च्या कायद्याने विद्यार्थ्यांना कर्जे दिली आणि पुढे शिक्षक होणाऱ्याला काही हिस्सा माफ केला. भारताची राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती १९६३ मध्ये सुरू झाली. बिनव्याजी कर्ज, आणि शिक्षकी पेशात गेल्यास दर वर्षी दहावा हिस्सा माफ. म्हणजे दहा वर्षे शिकवले की कर्ज फिटले. बडोद्याच्या दहा वर्षांची आठवण व्हावी असे हे गणित आहे. येथे मात्र सेवा कुठल्याही गावात करता येत होती. ऋषिऋण विद्यादानाने फेडावे, हा जुना विचारही त्यात होता.

२३/
महाराष्ट्रात १९५९ च्या सुमारास, बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना, वार्षिक १,२०० रुपयांहून कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना फी माफ झाली. तीच ई.बी.सी. सवलत. ग्रामीण महाराष्ट्राची एक अख्खी पिढी त्यावर शिकली. मग १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, आणि फीही. सरकारी तिजोरीचा भार हळूहळू घराच्या उंबरठ्याआत आला. २००१ च्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेने बँकांची दारे उघडली : चार लाखांपर्यंत तारण नको, आणि परतफेड शिक्षण संपल्यावर.

२४/
ही सोय खरी आहे. पण तिच्या पोटात बडोद्याचेच गृहीतक आहे : शिक्षण संपले की नोकरी मिळेल, आणि पगार दरमहा येईल. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी पैसा येतो तो कापूस, सोयाबीन, तूर विकल्यावर. हप्ता मात्र महिन्याला येतो. शिक्षणाच्या काळात हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. दोन्ही पंचांगे जुळत नाहीत, आणि न जुळल्याचा दोष कर्जदाराच्या नावावर लिहिला जातो.

२५/
म्हणून इतिहासातून काही व्यवहार शिकावा. अडचण येताच बँकेला लेखी कळवावे. हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादित ठरते, तोवर वाट पाहू नये. मुदतवाढ आणि हप्त्यांची फेररचना मागावी, उत्तरही लेखीच घ्यावे. २००९ पासून साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी केंद्राची व्याज अनुदान योजना आहे. आपले कर्ज तिच्यात बसत होते का, ते तपासावे. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. यातली एकही गोष्ट याचना नाही.

२६/
आंबेडकरांच्या चिकाटीचे गोडवे गाऊन प्रत्येक कर्जबाजारी विद्यार्थ्याला ‘तूही असाच हो’ म्हणणे सोपे आहे. पण या चरित्राचा अर्थ तेवढाच नाही. शाहू, सयाजीराव, केळुसकर, भथेना, रमाबाई इतक्या हातांनी धरूनही ज्याची वाट दहा वर्षे अडखळली, त्याने पुढे शिष्यवृत्ती मागितली, महाविद्यालये काढली, वसतिगृहे उभारली. असामान्य माणसालाच जमेल अशी वाट सामान्यांसाठी वाट नसते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. हप्ता चुकलेल्या मुलाला उद्या कुणी बेजबाबदार म्हणाले, तर करार कुणी कुणाशी केला होता आणि खोली कुणी नाकारली होती, हे दोन्ही प्रश्न आपण विचारले पाहिजेत.

धागा समाप्त. आपल्या घरात, गावात शिक्षणासाठी कुणी काय गहाण ठेवले होते, ते थोरांना विचारून लिहून ठेवा. असा इतिहास दप्तरात सापडत नाही.